डेक्कन कॉलेज, पुणे : तीन विभागांत मावलेले विद्यापीठ

मुलामुलींसाठी विद्यापीठ निवडताना आपण बहुधा विषयांची यादी पाहतो. यादी जितकी लांब तितके विद्यापीठ समृद्ध, असे धरून चालतो. मग पन्नास विभाग असलेल्या संस्थेत प्रवेश घेतलेला विद्यार्थी दोन वर्षे एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर काढून बाहेर पडतो आणि शेजारच्या विभागात काय चालते याचा त्याला पत्ताही लागत नाही. येरवड्याचे डेक्कन कॉलेज या हिशेबात बसत नाही. ‘डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था’ असे नाव असलेल्या या संस्थेला १९९० पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे आणि विभाग मात्र अवघे तीन आहेत : पुरातत्त्व, भाषाविज्ञान, आणि संस्कृत व कोशशास्त्र (म्हणजे शब्दकोश रचण्याचे शास्त्र). पदवीचे वर्ग येथे नाहीत. विज्ञान आणि वाणिज्य या शाखाही नाहीत. तरीही विद्यापीठातले संशोधन आणि अध्यापन किती अंगांनी फुलू शकते हे कोणाला डोळ्यांनी पाहायचे असेल, तर महाराष्ट्रात मी त्याला आधी येथे पाठवीन. तसे का, आणि ही संस्था उणी कोठे पडते, या दोन्ही गोष्टी या परीक्षणात सांगायच्या आहेत.

संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आजच्या रचनेचे मूळ त्यात आहे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणा निधीतील, म्हणजे पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दानाच्या निधीतील, काही रक्कम वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात ‘हिंदू कॉलेज’ सुरू झाले. पुढे त्याचे ‘पूना कॉलेज’ झाले, १८६४ मध्ये ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळाले आणि सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून येरवड्याला उभ्या राहिलेल्या गॉथिक धाटणीच्या दगडी इमारतीत ते १८६८ मध्ये गेले. जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर येथे संस्कृत शिकवीत. टिळक आणि आगरकर एकमेकांना भेटले ते येथेच. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पुन्हा उघडले. मात्र या वेळी ते बी.ए.चे कॉलेज नव्हते, संशोधनाची संस्था होती. आपल्याकडे माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनाला जमतात आणि पांगतात. या माजी विद्यार्थ्यांनी आपली संस्था अक्षरशः परत मिळवली, याबद्दल मला फार आदर वाटतो.

१९३९ साली निवडलेल्या अध्यापकांची नावे पाहिली की संस्थेचा पिंड लक्षात येतो. संचालक आय. जे. एस. तारापोरवाला हे इराणी आणि भारतीय भाषांचे अभ्यासक होते. सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राचे, हसमुख धीरजलाल सांकळिया पुरातत्त्वाचे, इरावती कर्वे समाजशास्त्र व मानववंशशास्त्राच्या, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाचे, तर सी. आर. शंकरन यांनी ध्वनींच्या प्रायोगिक अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. सांकळियांनी लंडनला पीएच.डी. करताना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर काम केले होते. इरावतीबाई बर्लिनहून मानववंशशास्त्राची पदवी घेऊन आल्या होत्या. प्रत्येकाचा विषय निराळा होता. पण या लोकांनी आपापल्या खोल्यांची दारे बंद करून घेतली नाहीत. गुजरातमधील लांघणज येथे सांकळियांच्या उत्खननात प्राचीन मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा त्या कामात इरावतीबाई सोबत होत्या. आज ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असतो. चाळीसच्या दशकात येथे तो प्रकार कुठलेही नाव न देता चालू होता.

या परंपरेचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावाजवळ १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हंगामामागून हंगाम उत्खनन झाले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेली आणि सुमारे नऊशे वर्षे नांदलेली आद्य शेतकऱ्यांची वस्ती तेथे उघडकीस आली. त्याआधी नेवासे आणि जोर्वे येथे खणून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाची, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरात होती त्या काळाची, चौकट सांकळियांनी उभी केलीच होती. संगमनेरजवळच्या जोर्व्याचे नाव तर त्या संस्कृतीलाच मिळाले. पण नेवासे आणि जोर्वे येथे लहान खड्ड्यांतून जे कळत होते त्याच्या पुढे जाऊन इनामगावात आडवे, विस्तृत उत्खनन केले गेले. शंभराहून अधिक घरे, धान्याचे कोठार, बांध आणि पाण्याचा पाट असे गावच्या गाव समोर आले.

इनामगावचे खरे मोल मात्र उत्खननानंतरच्या कामात आहे. खणून काढलेली प्रत्येक गोष्ट निरनिराळ्या विद्येच्या माणसाकडे गेली. माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे गोळा केले गेले आणि त्यांवरून जव, गहू, मसूर, कुळीथ अशी पिके ओळखली गेली. जनावरांची हाडे एकाने तपासली आणि त्यांवरील सुरीच्या खुणांवरून कोणता प्राणी खाल्ला जात होता हे सांगितले. माणसांचे दात आणि सांगाडे शारीर मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासले. बालकांच्या दातांच्या आवरणावरील रेषांवरून उपासमारीचे आणि आजारपणाचे काळ वाचता येतात. घरांच्या आकारावरून आणि मांडणीवरून समाजरचनेचा विचार झाला. आरंभीच्या थरांत चौकोनी, ऐसपैस घरे आहेत आणि शेवटच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, लहान गोल झोपड्या दिसतात. हवामान कोरडे होत गेले, शेती हटली आणि लोक पशुपालन व शिकारीकडे वळले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. ही मांडणी पटो वा न पटो, ती करण्यासाठी वनस्पती, प्राणी, माणूस, माती आणि वास्तू या पाच वाटांनी आलेला पुरावा एका टेबलावर यावा लागला आणि त्या पाचही वाटा एकाच विभागात शिकवल्या जात होत्या. डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग हा म्हणूनच नावाने एक आणि प्रत्यक्षात अर्धा डझन विभागांचा समूह आहे.

कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावचे दफनकुंभ पाहायला मिळतात आणि ते पाहण्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा जावे असे मला मनापासून वाटते. दगावलेल्या तान्ह्या मुलाला दोन मडक्यांत ठेवून, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी निजवून, घराच्या जमिनीखालीच पुरण्याची त्या लोकांची रीत होती. प्रौढांना पुरताना पाय घोट्यापाशी तोडले जात. गेलेला माणूस परत चालत येऊ नये किंवा दूर निघून जाऊ नये, असा त्यामागचा हेतू असावा, असे अभ्यासक मानतात. याला एक ठळक अपवाद सापडला. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या कच्च्या मातीच्या फुगीर कुंभात, बसलेल्या अवस्थेत पुरलेला एक प्रौढ पुरुष होता आणि त्याचे पाय शाबूत होते. त्या घराला लागूनच गावाचे कोठार होते. हा माणूस गावाचा प्रमुख असावा, हा तर्क घर, कोठार, कुंभ आणि शाबूत पाय या चार गोष्टी जोडून केलेला आहे. कुंभासमोर उभे राहिले की पुरातत्त्वातील तर्क कसा बांधला जातो हे कुठल्याही व्याख्यानाशिवाय कळते आणि अध्यापनाचे याहून चांगले साधन मला ठाऊक नाही.

या विभागाचे काम महाराष्ट्रापुरते राहिलेले नाही. के. पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी आणि बैचबाळ खोऱ्यांत आयुष्यभर काम केले आणि तेथील इसामपूर या स्थळी सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीची, दगडी हत्यारे घडवण्याची जागा पुढे आणली. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची हत्यारे मिळाली. दूर सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची ही राख कोणत्या उद्रेकाची, आणि म्हणून ती हत्यारे किती जुनी, या प्रश्नावर भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ दीर्घकाळ वाद घालत आले आहेत. हरियाणातील राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतील एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळवलेल्या डीएनएवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध गाजला. ते उत्खनन वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेने केले होते. दगडी कुऱ्हाडीपासून डीएनएपर्यंतचा हा पल्ला एका विभागाचा आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो. त्यामुळे एका वर्गात इतिहासाची विद्यार्थिनी, भूगर्भशास्त्राचा पदवीधर आणि वनस्पतिशास्त्र शिकून आलेले कोणी शेजारी शेजारी बसतात. यातून अध्यापकांचे काम अवघड होते हे उघड आहे, कारण एकाला नाणी नवी असतात आणि दुसऱ्याला खडक. परंतु इनामगावच्या अहवालासारखे काम करायचे तर माणसे अशाच मिसळीतून तयार व्हावी लागतात. सांकळियांनी घालून दिलेली गावोगाव पायी सर्वेक्षण करण्याची आणि विद्यार्थ्यांना हंगामात प्रत्यक्ष खड्ड्यावर नेण्याची शिस्त अजून या विभागाचा कणा आहे. खापर हातात घेऊन ते कोणत्या थरातले, चाकावरचे की हाताने वळलेले, हे ओळखायला पुस्तकातून शिकता येत नाही. श्रीलंका आणि इराणमधूनही विद्यार्थी येथे पीएच.डी.साठी येत आले आहेत ते या प्रशिक्षणासाठी.

आता कोशाकडे वळतो. ऐतिहासिक तत्त्वावर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचा प्रकल्प कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून विद्वानांनी शब्द टिपले. प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र चिठ्ठी करून तीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि ग्रंथातील नेमके स्थान लिहिण्याचे हे काम सुमारे पंचवीस वर्षे चालले. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या आज संस्थेत कप्प्याकप्प्यांत लावून ठेवलेल्या आहेत. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला. पस्तीसएक भाग निघून गेल्यावरही कोश अद्याप ‘अ’ या पहिल्या अक्षरातच आहे.

ही गती ऐकून कपाळाला आठ्या घालणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रकल्पाला हिशेब विचारलाच पाहिजे. पण हिशेब विचारण्यापूर्वी काम काय आहे ते पाहावे. ‘अग्नि’ हा एक शब्द घ्या. वेदात ती देवता आहे आणि यज्ञात ठरावीक कुंडांत स्थापन केलेला विशिष्ट अग्नी आहे. आयुर्वेदात तो अन्न पचवणारा जठराग्नी होतो. ज्योतिष आणि गणिताच्या ग्रंथांत अंकांऐवजी शब्द वापरताना त्याचा अर्थ ‘तीन’ होतो, कारण यज्ञातील मुख्य अग्नी तीन. वास्तुविद्येत तो एका दिशेशी जोडला जातो. यांतला प्रत्येक अर्थ प्रथम कोठे आला, पुढे कोणत्या शतकात कसा बदलला आणि कोठे लोपला, हे अवतरणांसह कालक्रमाने मांडायचे असते. त्यासाठी व्याकरण जाणणारा, वैद्यक जाणणारा, न्यायशास्त्र जाणणारा आणि श्रौतविधी जाणणारा अशी माणसे एकाच नोंदीवर बसावी लागतात. संस्कृतच्या इतर बहुतेक विभागांत साहित्य, व्याकरण आणि वेदान्त या ठरलेल्या वाटा असतात. येथील विद्यार्थ्याला मात्र पाकशास्त्र, धातुविद्या, अश्ववैद्यक अशा शास्त्रांतील संस्कृत वाचावे लागते, कारण चिठ्ठीवर काय येईल हे त्याच्या हातात नसते. संशोधनाचा प्रकल्पच अभ्यासक्रम ठरवतो, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. माझे मत असे आहे की कोशाचे छापील भाग निघतील तेव्हा निघोत, पण त्या एक कोटी चिठ्ठ्या शोधता येतील अशा रूपात जगभरच्या अभ्यासकांसमोर आधी खुल्या व्हाव्यात. माझ्या दृष्टीने संस्थेपुढचे ते सर्वांत तातडीचे काम आहे.

भाषाविज्ञान विभागाबद्दल मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे काम म्हणजे बोलींचे सर्वेक्षण. साठच्या दशकात घाटगे यांनी कुडाळी, महाडकडची कुणबी, ठाण्याची वारली, कोचीनकडची मराठी अशा बोलींच्या एकेक पुस्तिका तयार केल्या होत्या. अशोक केळकरांसारख्या भाषावैज्ञानिकाने पुढे अनेक वर्षे येथे काम केले. अलीकडच्या काळात राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने या विभागाने महाराष्ट्रभर गावोगाव जाऊन बोलींचे ध्वनिमुद्रण केले आणि ते संकेतस्थळावर सर्वांना मोफत ऐकता येते. केरसुणीला कोल्हापूरकडे साळुता म्हणतात, विदर्भात फडा म्हणतात आणि सिंधुदुर्गात वाढवण म्हणतात, असे आपण गप्पांत सांगतो. परंतु एखादा शब्द किंवा क्रियापदाचे एखादे रूप नेमके कोणत्या तालुक्यात थांबते, कोणत्या वयाची आणि कोणत्या समाजाची माणसे ते अजून वापरतात, हे सांगायला नोंदी लागतात. गावातील म्हाताऱ्या माणसाने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट तिच्या लिप्यंतरासह ऐकायला मिळणे ही शिक्षकांसाठी, नाटक करणाऱ्यांसाठी आणि कादंबरी लिहिणाऱ्यांसाठीही मोठी सोय झाली आहे. तिचा वापर शाळांतून व्हायला हवा तितका होत नाही.

याच विभागातून बुलढाणा जिल्ह्यात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेचेही दस्तऐवजीकरण झाले आहे. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी जिचे नाते सिद्ध झालेले नाही अशी ही भाषा आहे आणि तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. आपल्याच राज्यात असा ठेवा असून मराठी माणसाला त्याचे नावही माहीत नसते. जळगाव जामोदकडचा एखादा विद्यार्थी भाषाविज्ञान शिकायला पुण्यात यावा आणि त्याने तो ठेवा ओळखून परत तेथेच कामाला लागावे, असे मला फार वाटते.

मराठ्यांच्या इतिहासाचे संग्रहालयही आवारात आहे. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला कागदपत्रांचा आणि चित्रांचा संग्रह १९३९ मध्ये येथे आला. त्याची मांडणी साधी आहे. ज्याला मोडी वाचता येते त्याचे समाधान होईल, इतरांना माहितीफलकांवर भागवावे लागते.

आता उणिवा. वर मी १९३९ च्या अध्यापकांची यादी दिली. त्यांतील इरावतीबाईंचा समाजशास्त्र-मानववंशशास्त्राचा आणि शेजवलकरांचा मराठ्यांच्या इतिहासाचा असे दोन स्वतंत्र विभाग आज नाहीत. इरावतीबाईंनी येथे बसून भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ साली प्रसिद्ध झालेले काम केले, कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे सर्वेक्षण केले. शेजवलकरांचा पानिपतावरचा प्रबंध १९४६ मध्ये याच संस्थेने छापला. सांगाडे, बोली आणि कोश यांच्या जोडीला जिवंत समाजाचा अभ्यास होता, तेव्हा ही संस्था आजच्याहून अधिक संपूर्ण होती. आज बोलींच्या सर्वेक्षणात जात, स्थलांतर आणि लग्नसंबंध यांचे प्रश्न पदोपदी येतात. इनामगावच्या घरांवर बोलतानाही कुटुंब म्हणजे काय हा प्रश्न येतोच. त्या प्रश्नांसाठी स्वतःचा समाजशास्त्रज्ञ नसणे हे नुकसान आहे आणि ते भरून काढण्याचा विचार व्हावा.

दुसरी उणीव भाषेची. अध्यापन आणि प्रकाशने प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. संशोधनाच्या दृष्टीने ते समजण्याजोगे असले तरी उत्खनन ज्या गावात होते त्या गावाला अहवाल वाचता येत नाही. सांकळिया आणि ढवळीकर यांनी मराठी वाचकांसाठी आवर्जून लिहिले आणि महाराष्ट्रात पुरातत्त्वाविषयी जी काही जाण आहे तिचा मोठा वाटा त्या लेखनाचा आहे. ती सवय पुढच्या पिढीत वैयक्तिक हौशीवर राहिली आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून प्रत्येक मोठ्या अहवालासोबत शंभर पानांचे मराठी पुस्तक निघावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तिसरी गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. पुरातत्त्व, भाषाविज्ञान किंवा कोशशास्त्र यांत पदवी घेऊन मिळणाऱ्या नोकऱ्या मोजक्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची पुरातत्त्व खाती, संग्रहालये, काही विद्यापीठे आणि अलीकडे भाषातंत्रज्ञानाच्या कंपन्या, अशी ही वाट आहे आणि बहुतेकांना पीएच.डी.पर्यंत धीर धरावा लागतो. ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत पगार सुरू व्हायलाच हवा आहे, त्याने भावनेच्या भरात येथे प्रवेश घेऊ नये. ज्याला मात्र एखादा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही आणि त्याच्या उत्तरासाठी चार अनोळखी शास्त्रे शिकण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्रात याहून योग्य जागा मला दिसत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. रिक्षाचालकाला नुसते ‘डेक्कन’ सांगू नये. तो डेक्कन जिमखान्यावर नेईल. येरवडा, डेक्कन कॉलेज असे पूर्ण सांगावे. संग्रहालये पाहायची असतील तर वेळ आणि परवानगी आधी फोनवर विचारून घ्यावी, कारण ही चालती संशोधन संस्था आहे, सहलीचे ठिकाण नव्हे. शाळेची मुले नेत असाल तर इनामगावच्या दालनासाठी निदान तासभर राखून ठेवावा आणि मुलांना आधी एवढेच सांगावे की ही माणसे शिरूरजवळ राहत होती. प्रवेशाचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने तिन्ही विभागांत जाऊन निदान एकेका अध्यापकाशी बोलावे. पुरातत्त्वासाठी आलेल्याने कोशाच्या चिठ्ठ्या पाहाव्यात आणि संस्कृतसाठी आलेल्याने हाडांची आणि दाण्यांची प्रयोगशाळा पाहावी. अर्ज कोणत्या विभागाचा भरायचा, हा निर्णय त्यानंतर घ्यावा.